सहल की मुक्काम?

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेच्या सुटीत मुलांना कोठे न्यावयाचे, हा प्रश्न पीण्यातील मराठी घरांत फेब्रुवारी महिन्यापासूनच निघू लागतो. यंदा मंडळापुढे दोन सूचना आल्या आहेत. पहिली सहलीची : बाराएक दिवसांत रायगड, प्रतापगड, शनिवारवाडा, पंढरपूर, वेरूळ असा महाराष्ट्र मुलांना दाखवून आणावा. दुसरी मुक्कामाची : मुलाने एकट्याने महिनाभर एखाद्या मराठी कुटुंबात जाऊन राहावे, जेवावे, भांडावे आणि परत यावे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी यथासांग करण्याइतकी रजा व पैसा आपल्यापैकी बहुतेकांपाशी नाही. तेव्हा निवड करणे भाग आहे, आणि आम्ही पालक-समितीतील पाचसात जण मुक्कामाची बाजू मांडावयास उभे आहोत.

प्रथम दुखणे काय आहे ते स्पष्ट बोलू. आपली मुले मराठी समजतात, पण बोलत नाहीत. आजीचा दूरध्वनी आला, की आजी पंधरा वाक्ये बोलते आणि नातवंड 'हो', 'नाही', 'बरी आहे' या तीन शब्दांत संभाषण आटोपते. आजीला वाटते, मूल लाजते. मूल लाजत नाही. त्याच्यापाशी चौथा शब्द नसतो.

बोलू लागले तरी 'तो खुर्ची' आणि 'माझा पुस्तक' असे ऐकू येते. यात मुलांचा दोष नाही. कन्नडात माणसे वगळली तर उरलेल्या जवळजवळ सर्व वस्तू नपुंसकलिंगी. इंग्रजीतही तोच प्रकार. मराठीत मात्र खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते, आणि याला कारण विचारले तर मोठमोठ्या व्याकरणकारांनीही हात टेकावेत. हे नियमाने येत नाही. हजार वेळा कानांवर पडून येते.

याहून सूक्ष्म गोष्ट आहे 'आम्ही' आणि 'आपण' यांची. 'आम्ही जेवायला जातो' म्हणजे तुला वगळून, आणि 'आपण जेवायला जाऊ' म्हणजे तुला धरून. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द, आजच्या कन्नडातही एकच 'नावु'. (तमिळ आणि तेलुगू शेजाऱ्यांकडे मात्र हा भेद आपल्यासारखाच आहे.) त्यामुळे पीण्यातील मूल पुण्याच्या मामाला सरळ म्हणते, 'मामा, आम्ही आइस्क्रीम खायला जाऊ या', आणि मामा बिचारा खिशातून हात काढू की नको अशा विचारात पडतो. हा भेद पुस्तकातून सांगता येतो, पण अंगी बाणतो तो अशाच घरात, जिथे दिवसातून पन्नास वेळा कोणी तरी आपल्याला 'आपण'मध्ये धरते, आणि कधी रागाने वगळतेही.

भाषा कशी येते याचा दाखला शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. जालहळ्ळीस १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला, आणि १९७०च्या दशकात पीण्याची वसाहत आकारास आली. त्यानंतर कोल्हापूर, सांगली, पुणे येथून टर्नर, फिटर, टूलमेकर अशी तरुण मंडळी येथे येत राहिली. त्यांचे दोन वर्ग आम्ही पाहिले आहेत. चार मराठी मित्रांनी मिळून खोली घ्यावी, खानावळीत जेवावे आणि रविवार आला की नंदी टेकडी, म्हैसूर, श्रवणबेळगोळ असे भटकावे, हा पहिला वर्ग. पाच वर्षांत यांनी निम्मे कर्नाटक पाहिले, आणि कन्नड आले ते 'एष्टु?' आणि 'गोत्तिल्ल' एवढेच; म्हणजे 'किती?' आणि 'ठाऊक नाही'.

दुसरा वर्ग ज्यांना खोली मिळाली नाही त्यांचा. ते एखाद्या वठारात राहिले. बंगळुरी वठार म्हणजे एका अंगणाभोवती बिऱ्हाडांची रांग. आपल्या चाळीची धाकटी बहीण म्हणा. तेथे सकाळी नळावर उभे राहिले की घरमालकाची अज्जी विचारणार, 'तिंडि आयता?' दुपारी विचारणार, 'ऊट आयता?' जेवण झाले का, हा तेथे प्रश्न नसून नमस्कार आहे, हे त्यांना कोणी शिकविले नाही. बाहेर पडताना 'होगि बर्तीनि', म्हणजे 'जाऊन येतो', असे म्हणावयाचे, नुसते 'जातो' म्हणावयाचे नाही, हेही नळावरच कळले; आणि आपणही निरोप घेताना 'येतो'च म्हणतो, हे तेव्हा ध्यानात आले. अक्का, अण्णा, अप्पा ही नाती तर दोन्हीकडे एकच. तूप आणि 'तुप्प' यांत अंतर ते कितीसे! आठदहा महिन्यांत ही मंडळी पाण्याच्या पाळीवरून कन्नडात भांडू लागली. भाषा आली की नाही हे ओळखण्याची याहून चांगली परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

आता सहलीकडे वळू. सहलीची बस म्हणजे चाकांवरचे पीण्याच. शेजारी तीच मैत्रीण, मागच्या बाकावर तेच मित्र, आणि त्यांची आपापसांतली भाषाही तीच. बाहेरच्या मराठी माणसाशी संबंध येतो तो हॉटेलातील वाढप्याशी आणि तिकिटाच्या खिडकीशी. आणि परगावची गाडी दिसली, की तोही हिंदीत सुरू होतो. रायगड पाहून मुलाचा ऊर भरून येतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण तो भरलेला ऊर ते इंग्रजीत सांगते. शिवाय इतिहासाची ओढ लावावयाची तर वाट येथूनही आहे. शहाजीराजांची जहागीर बंगळूरची. त्यांची समाधी दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे आहे. आपल्यापैकी किती घरांनी ती पाहिली आहे?

प्रवास आणि वास्तव्य यांतील अंतर पु. ल. देशपांडे यांच्या उदाहरणात चांगले दिसते. 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' ही त्यांची प्रवासवर्णने आपल्या घरोघरी आहेत. त्यांच्याएवढे डोळे उघडे ठेवून हिंडणारा मनुष्य विरळा. पण बंगाली शिकावयाची ठरविली तेव्हा त्यांनी बंगालची सफर आखली नाही. वयाच्या पन्नाशीत ते शांतिनिकेतनात जाऊन विद्यार्थ्यासारखे राहिले, आणि त्यातून १९७४ साली 'वंगचित्रे' आले. काकासाहेब कालेलकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. साताऱ्यास जन्मलेला हा मराठी माणूस हिमालय पायी हिंडला. पण गुजराती त्यांना आली ती गुजरातेत, आश्रमात राहून, आणि अशी आली, की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. विनोबांनी दक्षिणेच्या चार भाषा वेल्लोरच्या तुरुंगात आत्मसात केल्या. तोही एक सक्तीचा मुक्कामच. असो.

कोणी म्हणेल, आम्ही घरात मराठीच बोलतो, मग दुसऱ्याच्या घराची गरज काय? तंजावरच्या मराठी कुटुंबांनी तीनशेहून अधिक वर्षे घरात मराठी टिकविलीच ना? टिकविली, आणि त्यांच्यापुढे आपण हात जोडावेत. पण त्यांच्यापाशी जवळजवळ दोन शतके राजदरबार होता, सरस्वती महालातील ग्रंथ होते, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला प्रचंड मराठी शिलालेख होता. आपल्यापाशी दोन खोल्यांची सदनिका आहे, आणि आईबाप दोघेही कामावरून दमून येतात. अशा घरात मराठी उरते ती आज्ञांची : 'ऊठ', 'जेव', 'अभ्यास कर', 'दिवा मालव'. हट्ट, थट्टा, गाऱ्हाणे, थापा यांची मराठी मुलाच्या कानांवर पडावयाची कोठून? त्यासाठी आजी, काकू, आत्येभाऊ आणि दाराशी येणारी भाजीवाली हवी.

दुसऱ्याच्या घरी राहून शिकणे आपल्याला नवे नाही. वार लावून जेवलेल्या आणि माधुकरी मागून शिकलेल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या महाराष्ट्रात झाल्या. कोकणातील पोर पुण्यास सात घरी सात वारी जेवले, की विद्येबरोबर सात घरांची बोलण्याची तऱ्हाही घेऊन जाई. ती चाल बहुतांशी जातीच्या चौकटीतील होती, आणि त्या मुलांनी अपमानही पुष्कळ गिळले, हे मात्र विसरून चालणार नाही. मंडळ घरांची यादी करील तेव्हा त्यात ही चौकट शिरता कामा नये, असे आम्ही आजच सांगून ठेवतो. 'आमच्यातले घर बघा' अशा चिठ्ठ्या येतील. त्या बाजूला ठेवाव्या लागतील.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पहिली ही, की पुण्यामुंबईची मराठी घरे आता आपल्याइतकीच इंग्रजाळली आहेत. भाचरू आले की तेथील मुले उत्साहाने इंग्रजीच बोलतात, आणि मावशीला तिचे कौतुक वाटते. म्हणून घर निवडताना शहर मोठे की लहान हे पाहू नये. त्या घरी दिवसभर बोलणारे म्हातारे माणूस आहे काय, हे पाहावे. दुसरी अडचण यजमानीणबाईंची. पाहुण्या मुलाचे कौतुक सारे घर करते आणि कष्ट एकटी सून करते. तिचे 'हो' स्वतंत्रपणे, तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय कोणतेही घर नक्की करू नये. मुलाच्या खर्चाची रक्कम मंडळानेच पोचती करावी; भिडेने कोणी मागणार नाही. आणि घर नात्यातले नसेल तर आईबापांनी आधी स्वतः जाऊन, दोन दिवस राहून, माणसे पाहून यावीत. यात संकोच करण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट मुलाच्या रडण्याची. पहिला आठवडा वाईट जातो. ते रडते, 'मला घेऊन जा' म्हणते. या आठवड्यात रोज संध्याकाळी दूरध्वनी करून त्याच्याशी कन्नड-इंग्रजीत बोलत बसलो, तर मुक्काम फुकट गेला असे समजावे. आठवड्यातून दोन वेळा बोलावे, आणि मराठीत बोलावे. मात्र दोन आठवडे उलटूनही मूल रुळले नाही, तर प्रतिष्ठेचा प्रश्न न करता जाऊन घेऊन यावे. भाषेपेक्षा मूल मोठे. आमच्या मते नऊ ते तेरा हे वय यास बरे. दोघां भावंडांना एका घरी ठेवू नये; ती आपापसांत पीण्याच करतील. आणि मुलाला पाहुणा करू नये. वाण्याकडून सामान आणणे, आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखविणे, शेजारी वाटी पोचवून निरोप सांगणे, असे काही काम त्याच्या गळ्यात असावे.

कोणी भीती घालतात, की मूल कोल्हापूरची किंवा वऱ्हाडची बोली उचलून येईल. खुशाल उचलू द्या! बोली नसलेल्या मराठीपेक्षा बोलीतली मराठी शतपटीने बरी. मराठी शिकताना कन्नड विसरेल, ही भीतीही नको. धारवाडच्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या कन्नड काव्यास मिळाला.

घर महाराष्ट्रातच असले पाहिजे, असेही नाही. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे बेळगाव, निपाणी, खानापूरकडची. आपल्या वसाहतीलगतचा हा तुमकूर रस्ताच पुढे बेळगावावरून कोल्हापूर-पुण्यास जातो. बेळगावचे घर तर दुहेरी सोयीचे : तेथील आजी भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करते आणि घरात मराठीत तिची नक्कल करून दाखविते. आपल्या मुलांना असेच जगावयाचे आहे, आणि ते ओशाळवाणे नाही, हे त्यांना तेथे बघावयास मिळेल.

सहल मोडीत काढा, असे आमचे म्हणणे नाही. ती शेवटी ठेवा. महिना संपला की आईबापांनी आणावयास जावे आणि परतताना चार दिवस काढून एखादा किल्ला, एखादे देऊळ पाहावे. त्या वेळी वाट विचारण्याचे काम मुलाकडे द्यावे.

आता तारखांचे. कर्नाटकातील शाळा बहुधा एप्रिलच्या पूर्वार्धात सुटतात आणि मेअखेरीस भरतात. महाराष्ट्रातील शाळा मेच्या सुमारास सुटून जूनच्या मध्यास भरतात. म्हणजे दोन्हीकडची मुले मोकळी असतात ती मे महिन्यातच. रेल्वेचे आरक्षण २०२४च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधी खुले होते. मेच्या आरंभी यशवंतपूरहून गाडी पकडावयाची, तर मार्च उजाडण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे घर ठरलेले हवे. यादीची वही आज सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. मूल पाठविणाऱ्यांनी डाव्या पानावर नाव लिहावे. ज्यांच्या गावी एखादे बोलके घर आहे त्यांनी उजव्या पानावर लिहावे. आणि ज्यांचे नाव दोन्ही पानांवर येईल त्यांच्याशी आम्ही आधी बोलू.