पिशवीतील पिल्लू आणि ढोलीतील पिल्लू
(देवगड येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दोन जीवांची तुलना करावयास सांगितली म्हणजे मुले रंग, आकार व खाद्य यांची यादी देतात. यादी म्हणजे तुलना नव्हे. तुलनेस नेमका प्रश्न लागतो. आज असा एकच प्रश्न घेऊ : दुबळे पिल्लू सुरक्षित राहते कोठे?

कोआला मुलांना चित्रांवरून ठाऊक असतो. ऑस्ट्रेलियात नीलगिरीच्या झाडांवर राहून त्यांचीच पाने खाणारा हा प्राणी अस्वल नव्हे, तर कांगारूचा नातलग होय. सुमारे ३५ दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मणारे त्याचे पिल्लू जेमतेम २ सेंटिमीटर लांब, आंधळे व केसरहित असते. ते आपण होऊन आईच्या पोटावरील पिशवीत शिरते आणि दूध पीत सुमारे ६ महिने तेथेच वाढते.

आता आपल्या कोकणातील धनेश, म्हणजेच ककणेर पाहा. मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते व विष्ठा आदींनी तोंड लिंपून केवळ एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला व पुढे पिल्लांना वड-उंबराची फळे भरवितो. आत न फुटलेल्या बिया तो रानभर पेरतो, हे वेगळेच.

हेतू एक, साधने दोन. परंतु भेद येथे आहे : कोआलाची पिशवी आईबरोबर चालते, धनेशाची पिशवी झाडाच्या अंगी असते. सुतारपक्ष्याप्रमाणे धनेशास ढोली कोरता येत नाही. फांदी मोडावी, लाकूड कुजावे, पोकळी वाढावी, यास कित्येक वर्षे जातात.

एका गावी जुना रायवळ आंबा 'पोकळ झाला, आता निरुपयोगी' म्हणून तोडावयाचे ठरले, तेव्हा मीही मान डोलाविली. पुढे हाच पाठ घेताना एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग त्या आंब्यातली ढोली कुणाची होती?" मजपाशी उत्तर नव्हते.

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक शाळेने आपल्या गावातील व देवराईतील जुन्या, ढोली असलेल्या झाडांची नोंदवही ठेवावी. मुलांनी दुरूनच पाहावे. झाडावर चढू नये, ढोलीत काठी घालू नये. पुढे एखादे झाड तोडण्याची गोष्ट निघालीच, तर ती वही आधी उघडावी. मग त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर वेळीच हाती येईल.