यंत्राची आठवण



संगणकाच्या स्मृतीवर बोलावे असे चालकांनी कळविले, तेव्हा आम्ही प्रथम कचरलो. रामायण-महाभारतावर, फार तर आरोग्यावर बोलावे, हा वसंत व्याख्यानाचा नेहमीचा रिवाज. पण विषय दूरचा नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात या घटकेला असे एक यंत्र आहे आणि घरातल्या निम्म्या आठवणी आपण त्याच्या हवाली करून बसलो आहोत. तेव्हा ते आठवण ठेवते म्हणजे नेमके काय करते, हे एकदा पाहिलेच पाहिजे.

भात दळायला काढताना आपण कणगीतले सगळे भात ओटीवर ओतीत नाही. सूपभर काढतो, पाखडतो, पुन्हा सूपभर. संगणकाचीही हीच रीत आहे. हातातले काम चालते ती स्मृती म्हणजे सूप, आणि कायमची साठवण ती कणगी. सूप चपळ पण लहान, कणगी मोठी पण तिच्याकडे जावे-यावे लागते. हा भेद ज्याने ध्यानात घेतला, त्याला रॅम आणि डिस्क यांतील गोंधळ पुन्हा व्हावयाचा नाही.

आता थोडे आपल्या गावाकडे येऊ. चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या घराण्यातले. जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९५२ साली ते कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले. पण कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९५५ च्या सुमारास त्याच संस्थेत विलायतेहून देशातला पहिला अंकीय संगणक आला. त्याची स्मृती म्हणजे चुंबकीय लेप दिलेला एक फिरता पिंप. हवा तो आकडा फिरत फिरत वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत यंत्राने वाट पाहावयाची, जत्रेतल्या पाळण्यात आपली खुर्ची खाली येण्याची वाट पाहावी तशी.

याहून कौतुकाची हकिकत मुंबईची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण मंडळींनी आपल्या देशातच संगणक बांधला. १९६० साली तो कामाला लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. मोहरीहून थोड्या मोठ्या अशा काळ्या कड्या, आणि त्यांतून आडव्या-उभ्या तारा ओवलेल्या. तारांतून वीज सोडली की कडी एका दिशेने चुंबकित होते, उलट सोडली की उलट. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. यापलीकडे संगणकाला काही म्हणजे काही ठाऊक नसते. आकडे, अक्षरे, लग्नाचे फोटो, सारे या दोन चिन्हांत उतरवूनच त्याच्या पोटात जाते.

या कड्यांची एक गंमत अशी, की कडीत काय आहे हे वाचावयाचे तर ती शून्याकडे ढकलून पाहावी लागे. म्हणजे वाचले की पुसले! म्हणून प्रत्येक वाचनानंतर यंत्र तेच पुन्हा लिहून ठेवी. मात्र वीज गेली तरी कडी आपली दिशा सोडीत नसे. आजच्या रॅमला ते जमत नाही. ही जात आय. बी. एम. मधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली कल्पिली. तिच्यात प्रत्येक चिन्हासाठी विजेचा एक सूक्ष्म थेंब साठविलेला असतो, पण भांडे गळके. त्यामुळे सेकंदात अनेक वेळा प्रत्येक भांडे पुन्हा भरावे लागते, आणि वीज गेली की सारे कोरडे.

टिफरॅकच्या कड्यांत २०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० चिन्हांचा. आजच्या मापाने दहा किलोबाइट. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह आजच्या संगणकात बहुधा तीन बाइट घेते, तेव्हा आमचे हे छोटेखानी व्याख्यानसुद्धा त्या यंत्रात मावले नसते. श्रोत्यांपैकी काहींना हे यंत्राचे भाग्यच वाटेल!

कणग्यांची कथा मात्र वेगळी. १९५६ साली आय. बी. एम. ने फिरत्या चकत्यांचे पहिले कोठार काढले. दोन-दोन फूट रुंदीच्या पन्नास चकत्या, वजन एक टनावर, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. आज नखाएवढ्या कार्डात त्याच्या पन्नास हजार पटींहून अधिक मावते. या कार्डात आणि पेन ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नाही. जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांच्या कल्पनेतून निघालेली ही स्मृती विजेचे कण एका पिंजऱ्यात कोंडून ठेवते. पण पिंजरा अभेद्य नव्हे. वीज न लावता वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कार्डातून ते कण हळूहळू निसटतात, आणि उष्म्यात अधिक लवकर निसटतात.

येथे आम्हांला घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही १९८८ साली कॅसेटवर घेतल्या होत्या. २००४ साली हौसेने त्यांची सीडी करून आणली आणि आता कॅसेट कशाला, म्हणून ती टाकून दिली. सीडी म्हणजे शंभर वर्षांची निश्चिंती, असे आम्हांला सांगण्यात आले होते. मातोश्री गेल्यावर वर्षश्राद्धाला ती लावली तर यंत्राने ती ओळखलीच नाही. घरी लिहिलेल्या सीडीत एक रंगाचा थर असतो आणि खुणा त्या रंगात असतात, हे आम्हांला तेव्हा कळले. ऊन आणि आपली पावसाळी दमट हवा यांनी तो बिघडतो.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल बांधून ठेवले आहेत. मोडी जाणणारा माणूस त्यांतला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद उलगडून आजही वाचू शकतो. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी मात्र हातात घेऊन उपयोग नाही, ती घालावयाचे यंत्रच बाजारातून गेले. म्हणून कागदच बरा, असे म्हणणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत नाही. जुलै १९८९ चा पूर ज्यांनी जांभूळपाड्याला किंवा नागोठण्याला पाहिला, त्यांना पाण्यापुढे कागद काय टिकतो हे सांगावयास नको. आणि संगणकाचा एक गुण कागदाला कधीच नव्हता: त्याची नक्कल मुळाइतकीच खरी असते, शंभरावी नक्कलसुद्धा.

आपले शेतकरी बियाण्याचे भात वेगळे ठेवतात आणि दरवर्षी पेरून नवे करतात. दहा वर्षांपूर्वीचे बियाणे कणगीत आहे म्हणून कुणी निश्चिंत राहत नाही. साठवलेल्या माहितीचेही तसेच करावे. तीन नकला ठेवाव्या, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवून, उघडून, ऐकून पाहाव्या. मोठमोठी कोठारे चालविणारेही हेच करतात. जुनाट म्हणून आपण हसतो ती चुंबकीय फीत त्यांनी अजून सोडलेली नाही.

आमच्या ओव्यांचे पुढे असे झाले, की कोलाडच्या मावशींनी त्या कॅसेटची एक नक्कल फार पूर्वी करून घेतली होती. फितीला बुरशी आली होती. ती हलक्या हाताने पुसून लावली, तेव्हा अकरा ओव्या निघाल्या. एका ओवीच्या मध्ये मातोश्री हसतात आणि “अगो, जाते थांबव” असे कुणाला तरी म्हणतात, तेही आले आहे. आता त्याची एक प्रत आमच्याकडे, एक मुलीकडे नाशिकला आणि एक मावशींच्या नातवाकडे आहे.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत आणि वाजवावयास यंत्र नाही, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला जरूर भेटावे. यंत्र आमच्याकडे आहे, आणि त्याचा पट्टा गेल्याच महिन्यात नवा घातला आहे.