वाट्यातले बोंबील

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रेवदंड्याच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो की माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याची जीभ आपोआप घासाघीस करू लागते. आमच्या नेहमीच्या मावशी आहेत. त्यांनी एकदा मला चांगलेच ऐकवले. मी बोंबलाच्या वाट्याचे पैसे कमी करायला लावले, त्यांनी शांतपणे वाट्यातले दोन बोंबील उचलून टोपलीत परत टाकले आणि म्हणाल्या, "घे भाऊ, तुझ्या भावाचा वाटा." माझी तीस-पस्तीस वर्षे कोकणातल्या एका लहानशा सहकारी बँकेत गेली. शेवटची काही वर्षे खर्च कमी करण्याचे काम माझ्या गळ्यात होते. त्या काळात या दोन बोंबलांची आठवण मी अधिक ठेवायला हवी होती.

बँकेचा खर्च म्हटला की लोकांना वाटते, पगार. पण सगळ्यात मोठा खर्च ठेवीदारांना द्यायच्या व्याजाचा. त्याला हात लावला तर ठेवी रस्ता ओलांडून समोरच्या बँकेत जातात. मग पगार येतात. ते बोलून चालून आपल्याच माणसांचे. काही देणी अशी की तिथे घासाघीस चालतच नाही. ठेव विम्याचा हप्ता घ्या. २०२० साली विम्याचे संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले आणि त्या एप्रिलपासून हप्ता शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला दहा पैशांवरून बारा पैसे झाला. तो मुकाट्याने भरायचा. विजेचे बिल तसेच. या सगळ्यांतून जे उरते ते पुरवठादारांचे: संगणकाची प्रणाली, एटीएम, त्यात रोकड भरणारी गाडी, रखवालदार, जनरेटर, एसी, छपाई, टपाल, जागेचे भाडे. बोलणी करायची तर इथेच.

मोठ्या बँकेचे एक बरे असते. हजारो शाखांचे काम एकदम देणार म्हटल्यावर समोरचा पुरवठादार खुर्चीतून उठून उभा राहतो. आमच्या शाखा अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मध्ये खाड्या. मात्र एटीएम मोठ्या बँकेला लागते तेच आम्हाला लागते, संगणक प्रणालीही तशीच. मुंबईतल्या कंपनीच्या माणसाला आमचे नाव दोनदा सांगावे लागे.

२०१८ साली संचालक मंडळाने हे काम मला दिले तेव्हा पहिले दोन महिने मी कोणाशीही बोलणी केली नाहीत. नुसते करार गोळा केले. हसू नका, पण ते कुठे आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हते. काही मुख्य कार्यालयाच्या कपाटात, काही शाखाधिकाऱ्यांच्या खणात, एक तर जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात सापडला. सगळे एका टेबलावर मांडले आणि प्रत्येकातल्या तीनच गोष्टी वहीत उतरवल्या: पैसे कशाच्या हिशेबाने देतो, करार संपतो केव्हा, आणि तो नको असेल तर किती दिवस आधी कळवायचे. या तिसऱ्या रकान्याने माझी झोप उडवली. बहुतेक करारांत असे कलम होते, की मुदतीच्या नव्वद दिवस आधी लेखी कळवले नाही तर करार आपोआप पुढे चालू. आम्ही कधीच कळवले नव्हते. भंगारात काढलेल्या दोन प्रिंटरांच्या देखभालीचे पैसे आम्ही इमानेइतबारे भरत होतो.

संगणक प्रणालीचे पैसे खात्यांच्या संख्येवर होते. आता आमच्या किनाऱ्यावर खाती किती आणि त्यांतली जिवंत किती, हा प्रश्न वेगळा. कोणी मुंबईला गेला, कोणी बोटीवर, कोणी देवाघरी. दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय धरले जाते. पण कंपनीच्या बिलात ते ठणठणीत असते. मी कंपनीला म्हटले, दर कमी करू नका, निष्क्रिय खात्यांचा दर वेगळा लावा, त्या बदल्यात करार पाच वर्षांचा करतो. त्यांचा माणूस पटकन तयार झाला. त्याला वर दाखवायला पाच वर्षांचा करार हवा होता, मला वर्षाचे बिल कमी करून हवे होते. दोघांना निरनिराळ्या गोष्टी हव्या असल्या की बोलणी सोपी होतात.

दुसरे उदाहरण आमच्या खाऱ्या वाऱ्याचे. किनाऱ्यावर एसीचे बाहेरचे यंत्र दोन-तीन पावसाळ्यांत गंजून जाते. देखभालीच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेले, गंजाचे नुकसान वगळून! म्हणजे जे हमखास बिघडणार तेवढेच सोडून बाकीची हमी. आणि वर मोठ्या दिमाखात, तक्रारीपासून चार तासांत माणूस पोहोचेल. पनवेलहून निघालेला माणूस वडखळच्या गर्दीतून आणि घाटातून श्रीवर्धनला चार तासांत पोहोचेल, हे लिहिणाऱ्याने हा रस्ता पाहिलेला नसावा. त्या अशक्य चार तासांचे पैसे मात्र आम्ही मोजत होतो. मी म्हटले, चार तास खोडा, दोन दिवस घ्या. त्याऐवजी प्रत्येक शाखेत एक जादा प्रिंटर आणि एक बॅटरी ठेवून द्या, आणि गंज करारात घ्या. आकडा खाली आला आणि कामही कमी अडू लागले.

एटीएममध्ये रोकड भरायच्या फेऱ्या आठवड्याला ठरलेल्या होत्या, बाराही महिने तितक्याच. पण काशिद-दिवेआगरला शनिवार-रविवारी पर्यटक लोटतात आणि आषाढात रस्त्यावर कुत्रे नसते. आम्ही फेऱ्यांचे वेळापत्रक हंगामाप्रमाणे बांधून घेतले. पुढे २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, की महिन्यात दहा तासांपेक्षा जास्त वेळ यंत्र रिकामे राहिले तर १ ऑक्टोबरपासून दर यंत्रामागे दहा हजार दंड. तेव्हा हे वेळापत्रक फार उपयोगी पडले.

इथवर माझी पाठ थोपटून झाली. आता दुसरी बाजू.

रखवालदारांचे काम आम्ही एका एजन्सीला दिले होते. मी तीन ठिकाणची दरपत्रके मागवली, सगळ्यात कमी दर घेतला आणि तोही आणखी खाली ओढला. संचालक मंडळाच्या सभेत महिन्याला किती वाचतात हे मोठ्या आवाजात वाचून दाखवले. कोणी विचारले नाही, मीही विचारले नाही, की एजन्सीने हे पैसे कमी केले कुठून? २०१९ च्या गणपतीआधी एका शाखेचा रात्रीचा रखवालदार माझ्याकडे आला. अंगात तोच गणवेश, पण मला तो वाळल्यासारखा वाटला. म्हणाला, "साहेब, दोन हजार उसने मिळतील का? एजन्सी बदलल्यापासून हातात कमी येतात." मी त्याला हिशेब विचारला. माझ्या सभेतल्या आकड्याची आणि त्याच्या घरातल्या तुटीची जात एकच होती.

एजन्सीचा नफा पूर्वीइतकाच होता. माणसाचे मात्र बाराचे तास झाले होते, आणि भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नव्हता. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखाली मंडळे उभी राहिली, ती अशाच पिळवणुकीमुळे. कंत्राटदाराने पगार बुडवला तर काम करवून घेणाऱ्याने तो द्यायचा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात घातले गेले तेही याच कारणाने. हे सगळे मी परीक्षेसाठी पाठ केले होते! पुढच्या सभेत मी दर वाढवायचा प्रस्ताव घेऊन उभा राहिलो. "तुम्ही वाचवणार होतात ना?" एका संचालकांनी विचारले. मी म्हटले, "वाचवले नव्हते, त्याच्याकडून घेतले होते." नव्या करारात आम्ही लिहून घेतले, की पगार बँकेतल्याच खात्यात जमा होईल आणि निधीची पावती दाखवल्याशिवाय एजन्सीचे बिल निघणार नाही. या अटीला एक पैसा लागला नाही.

दुसरी चूक मला अधिक लागली. दक्षिणेकडच्या एका शाखेला मुख्य सर्व्हरशी दोन जोडण्या होत्या, एक तारेची आणि एक उपग्रहाची, छपरावर छत्री असलेली. छत्रीची जोडणी वर्षानुवर्षे क्वचितच वापरात. मी ती 'दुबार खर्च' म्हणून बंद केली. कागदोपत्री निर्णय बिनचूक होता. शाखेतला रोजचा शिलकीचा छापील कागदही बंद करा, असे मी लिहिले होते. पण तिथले शाखाधिकारी जुन्या वळणाचे. त्यांनी माझ्या पत्राला पोच दिली आणि छपाई चालूच ठेवली.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्याकडच्या सुपारीच्या वाड्या ज्यांनी आदल्या दिवशी पाहिल्या होत्या, त्यांना दुसऱ्या दिवशी आपलेच गाव ओळखू येईना. विजेचे खांब आडवे, तारा तुटलेल्या, मोबाइल मुके. त्यात कोरोनाची टाळेबंदी. लोकांना पत्रे, कौले, ताडपत्री घ्यायची होती आणि दुकानदार रोख मागत होते. आमची शाखा उघडली, तिजोरीत रोकड होती, जनरेटरही गावातल्याच मेकॅनिकने आडव्या झाडांवरून चालत येऊन सुरू करून दिला. पण सर्व्हरशी जोडणी नाही. खात्यात किती आहेत हे पाहायचे कसे?

शाखाधिकाऱ्यांनी खणातून २ जूनचा छापील कागद काढला. त्यावर बघून, सही पडताळून, मुख्य कार्यालयाची परवानगी येण्याची वाट न पाहता त्यांनी प्रत्येकाला थोडे थोडे पैसे दिले आणि वहीत हाताने नोंदी केल्या. जोडणी आल्यावर हिशेब लावला. एकही नोंद चुकली नाही. ती छत्री वादळात टिकली असती याची खात्री मला कोणी देऊ शकत नाही. पण ती असायला हवी होती, आणि नव्हती ती माझ्या सहीने.

लहान बँकांना यातून वाट एकत्र येण्याची आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा, देशभराची मागणी एकत्र केल्यावर दोन-अडीच वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. गावोगावच्या ६३ हजार प्राथमिक पतसंस्थांसाठी एकच संगणक प्रणाली घेण्याची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली. नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्याकडूनही हीच अपेक्षा आहे. मात्र एकाच टोपलीत सगळ्यांनी हात घातला की काय होते, तेही त्याच वर्षी दिसले. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना संगणक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे तीनशे बँकांचे ऑनलाइन व्यवहार अडले. स्वस्त दराइतकेच महत्त्वाचे असते ते कलम, की अशा दिवशी कोण काय करील. ग्राहकाला उत्तर बँकेलाच द्यावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली सहकारी बँकांना बाहेरून काम करून घेण्याबाबत नियम घालून दिले, तेव्हाही हेच बजावले होते.

वादळानंतर चार महिन्यांनी मी छत्रीवाल्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलाला आमची सगळी हकिकत ठाऊक होती. त्याने जुन्या दरापेक्षा जास्त दर सांगितला. मी सवयीने तोंड उघडले, आणि मिटले. करार आला त्या दिवशी मी वाचून पाहिला, नव्वद दिवसांच्या कलमाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आणि त्याने मागितलेल्या दराला सही करून दिली.