शिणाणे, साय आणि चीज
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृती सांगायची म्हणजे पुरणाची, फार तर पाटवडी-रश्श्याची, अशी रीत आहे. मी समुद्रातल्या शिंपल्याचा पदार्थ सांगणार म्हणताच मागच्या रांगेत कुजबुज झाली ती मला ऐकू आली. ज्या भगिनी मांसमच्छी खात नाहीत त्यांनी नुसती माहिती म्हणून ऐकावे, रागावू नये.

शिंपला आपल्याला नवा नाही. आपल्या आया नदीतला शिंपला घासून चुलीजवळ ठेवीत. दुधाच्या गंजाची खरवड त्यानेच निघे, कैरीची सालही त्यानेच. आतला जीव मात्र आमच्या घरी कोणी खाल्ला नाही. मी सांगते तो शिंपला समुद्रातला. लांबट, काळपट, हिरव्या कडेचा. गोव्यात त्याला शिणाणे म्हणतात. माझी मोठी लेक मडगावला दिली आहे. तिच्या बाळंतपणाला मी दोन महिने तिथे होते. तिकडे शिणाण्यांना रवा लावून तळतात, नाही तर नारळाच्या वाटणात शिजवतात. पण शेजारच्या बाईंचे यजमान जहाजावर आचारी. जहाजावर नोकरी करणाऱ्याला तिकडे तारवटी म्हणतात. त्यांनी घरी सांगितलेली ही विलायती तऱ्हा. फ्रान्स-बेल्जमकडे शिणाणे साईत शिजवतात आणि बेल्जमचे लोक बरोबर तळलेले आलू खातात.

आता कृती. चार माणसांना किलोभर शिणाणे, कवचासकट. प्रत्येक शिणाणे हातात घेऊन पाहावे. तोंड उघडे असेल तर त्यावर टिचकी मारावी. जिवंत असेल तर हळूहळू मिटते. मिटले नाही, किंवा कवच फुटलेले असले, तर फेकावे. तिथे काटकसर करू नये. कवच घासावे, कडेला जो दाढीसारखा दोरा असतो तो ओढून काढावा. गोड्या पाण्यात भिजत टाकू नये, खाऱ्या पाण्यातला जीव मरतो. ओल्या फडक्याखाली थंड ठेवावे आणि त्याच दिवशी करावे.

मोठ्या गंजात चमचाभर लोणी, एक बारीक कांदा आणि पाच-सहा लसणाच्या पाकळ्या परताव्या. तांबूस होऊ देऊ नये. शिणाणे आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावे, जाळ मोठा. चार-पाच मिनिटांत तोंडे उघडतात. जी उघडत नाहीत ती टाकून द्यावी. जास्त शिजवले तर चामड्यासारखे होतात. खाली जे पाणी सुटते तो या पदार्थाचा जीव आहे, ते ओतून देऊ नका. सुती फडक्यातून गाळून घ्या, तळाला रेती राहते. ते मुळातच खारट असते म्हणून मीठ घालायचे नाही. चीजही खारट.

दुसऱ्या भांड्यात चमचाभर लोण्यावर चमचाभर मैदा भाजून त्यात हे पाणी हळूहळू घालावे. मग वाटीभर ताजी साय घोटून, गुठळी मोडून घालावी. जाळ अगदी मंद. शेवटी चीजच्या दोन वड्या किसून, मिरपूड टाकून उतरवावे. उकळी आली की चीजचे तूप सुटून दोऱ्या होतात. लिंबू भांड्यात पिळू नये, साय फाटते. ताटात ज्याचे त्याने पिळावे. वरून सांबार.

इथे एक प्रश्न येतो, तो मी टाळत नाही. दूध आणि मासळी एकत्र? कोड येते म्हणतात. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे हे खरे, आणि ज्यांना ते पाळायचे त्यांनी जरूर पाळावे. साय-चीजऐवजी नारळाचे दूध घालावे, चांगले लागते. परंतु कोड त्याने येत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारते, म्हणून पांढरे डाग पडतात. तो संसर्गाचा रोग नाही. बंगाली दह्यात मासा शिजवतात, फ्रान्सात साईत; त्यांच्या घरोघरी कोड नाही. मी हे मुद्दाम बोलते आहे. माझ्या नात्यात एक मुलगी आहे. तिच्या ओठाजवळ डाग आला तेव्हा बायांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की, काय खाल्लेस? आईलाही दोष, तिने म्हणे मासळीवर दूध दिले. दोन स्थळे परत गेली. त्या घरात कित्येक वर्षांत मासा शिजला नव्हता.

भिण्यासारखे दुसरे आहे. शिणाणे समुद्राचे पाणी गाळून पोट भरते, म्हणून पाण्यातली घाण आणि विष त्याच्या अंगी साठते. 1997 साली केरळात विझिंजमला शिणाणे खाऊन सात माणसे दगावली. ते विष शिजवून जात नाही. तेव्हा कुठल्या पाण्यातले, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि आपल्या नदी-नाल्यातले शिंपले, जिथे गावाचे सांडपाणी येते, ते तर मुळीच खाऊ नयेत.

आणखी एक सांगते, मंडळासाठी. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात पडन्ना गावच्या बायांनी गट करून, कर्ज काढून, 1996-97 पासून खाडीत शिणाण्यांची शेती केली. लहान शिणाणे दोरावर ठेवून त्यांना सुती जाळीच्या कापडात गुंडाळतात व दोर पाण्यात सोडतात. थोड्या दिवसांत शिणाणे दोराला घट्ट धरतात, कापड कुजून जाते. पावसाने खाडी गोडी होण्याआधी काढणी. आपण कापूस पिकवणाऱ्या बाया. त्या कापडाचे मला फार नवल वाटले.

दारव्ह्यात जिवंत शिणाणे मिळणार नाहीत. बाजारातले ताजे झिंगे सोलून, काळा दोरा काढून याच साईत करा. पाण्याऐवजी झिंग्यांची डोकी उकळून गाळलेले पाणी घ्या. ज्यांना शिंपले-झिंग्यांनी अंगावर पित्त उठते त्यांनी यातले काहीच खाऊ नये. पावाऐवजी ज्वारीची भाकर कुस्करून घ्या, आणि गरम गरमच वाढा.