चुंबक का मरतो?



शाळेच्या विज्ञानपेटीतील पट्टीचुंबक पुष्कळदा साधी टाचणीही उचलीत नाही. तो जुना झाला, त्यातील शक्ती संपली, असे समजून नव्या चुंबकाची मागणी नोंदविली जाते. वस्तुतः टाचण्या उचलून चुंबक झिजत नाही. त्यात भरून ठेवलेले असे काही नसतेच, की जे खर्च व्हावे. असते ती केवळ एक मांडणी.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक होय. बहुतेक पदार्थांत हे सूक्ष्म चुंबक एकमेकांचा परिणाम नाहीसा करतात. लोखंड, निकेल व कोबाल्ट यांत मात्र शेजारचे अणू परस्परांच्या प्रभावाने एकाच दिशेस वळलेले राहतात. अशा एकदिश अणूंचे लहान लहान प्रदेश धातूत बनतात, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर व्हाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. साध्या खिळ्यातही हे प्रदेश असतात. पण एकाचे तोंड पूर्वेस, तर दुसऱ्याचे पश्चिमेस! म्हणून बाहेर परिणाम जाणवत नाही. पोलादी सुईवरून चुंबकाचे एकच टोक एकाच दिशेने वारंवार फिरविले, की अनुकूल दिशेचे प्रदेश वाढतात, इतर आक्रसतात आणि सुई चुंबक बनते. नरम लोखंडात हे चटकन घडते व तितक्याच चटकन मोडते. विजेच्या घंटेला तेच हवे असते. कठीण पोलाद वळण उशिरा घेते, पण सोडीतही नाही.

ही मांडणी मोडते कशाने? उष्णतेने, ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचे चुंबकत्व उरत नाही. आपटण्याने. आणि शाळांत सर्वाधिक घडते ते सजातीय ध्रुव जवळजवळ ठेवल्याने. दोन पट्ट्या शेजारी ठेवताना विजातीय ध्रुव एका बाजूस यावेत, मध्ये लाकडाची चीप असावी आणि दोन्ही टोकांस नरम लोखंडाचे तुकडे लावावेत. एवढ्याने चुंबक वर्षानुवर्षे टिकतो.

चुंबकसूचीची गोष्ट अधिक नाजूक. प्रबळ चुंबकाशेजारी पडून राहिलेल्या सूचीचे ध्रुव उलटतात. मग रंगविलेले उत्तर टोक दक्षिणेकडे वळते आणि मूल रंगावर विश्वास ठेवते. पाठापूर्वी सूर्योदयाच्या दिशेवरून ती ताडून पाहावी.

जवळचे लोखंड आणि विजेचा प्रवाहही सूचीला विचलित करतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून हे काम अलिबागला नेण्यात आले. तेथे १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. वेधगृहे बांधताना अचुंबकीय दगड निवडण्यात आला आणि लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले.

शाळेत मात्र दिशांचा पाठ बहुधा लोखंडी टेबलावरच होतो.