लिहिणाऱ्या आणि जपणाऱ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला विषय कोणता, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी 'प्राचीन काळच्या लेखिका' असे सांगितले. त्यावर एकदोघींनी सहज विचारले, "तेव्हा बायका लिहीत होत्या का हो?" प्रश्न रास्त आहे. गार्गी आणि मैत्रेयी ही दोन नावे आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. परंतु गार्गीने याज्ञवल्क्याला विचारलेले प्रश्न आज कोठे वाचावयास मिळतात? बृहदारण्यक उपनिषदात. म्हणजे तिचे बोलणे आहे ते दुसऱ्याच्या ग्रंथात. तिच्या नावाचा असा ग्रंथ नाही. त्यामुळे मुलींच्या शाळा निघाल्या आणि मग कोठे बायका लिहू लागल्या, अशी आपली समजूत होऊन बसते.

ही समजूत खरी नाही. स्त्रिया फार पूर्वीपासून काव्ये रचीत आल्या आहेत, रोजनिशा लिहीत आल्या आहेत, मुलांना उपदेशाची पुस्तके लिहून देत आल्या आहेत. त्यांतले बरेचसे नाहीसे झाले. जे राहिले ते केवळ चांगले होते म्हणून राहिले असे नाही. ते कोणीतरी जपले, म्हणून राहिले. आजच्या दिवशी मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे, आणि त्यासाठी मी तुम्हांला चार-पाच ठिकाणी घेऊन जाणार आहे.

पहिले ठिकाण आजच्या इराकमधील ऊर हे प्राचीन नगर. तेथे इ. स. पूर्वी सुमारे २३०० मध्ये एन्हेदुआना नावाची एक स्त्री चंद्रदेव नन्ना याच्या मंदिराची मुख्य पुजारीण होती. अक्कडचा राजा सार्गोन याची ती कन्या. जगात ज्या कवींचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्यांत सर्वांत जुने नाव हिचे मानले जाते. पुरुषांची नावे सुद्धा तिच्यानंतरची! इनान्ना देवीला उद्देशून तिने रचलेले दीर्घ स्तोत्र प्रसिद्ध आहे. एका बंडखोराने आपल्याला मंदिरातून हाकलून दिले याचे दुःख तिने त्यात सांगितले आहे, स्वतःचे नाव घेऊन सांगितले आहे, आणि काव्य रचण्याच्या कष्टांना बाळंतपणाची उपमा दिली आहे. ही उपमा पुरुषाला सुचणे कठीणच.

१९२७ साली लिओनार्ड वूली यांना ऊरच्या उत्खननात एक फुटलेली दगडी चकती सापडली. तिच्या एका बाजूला ह्या पुजारिणीचे चित्र कोरलेले आहे आणि दुसऱ्या बाजूला तिचे नाव. म्हणजे ही बाई कल्पनेतली नव्हे. तिच्या काव्याच्या ज्या मातीच्या विटा आज मिळतात, त्या मात्र तिच्या हातच्या नाहीत. तिच्यानंतर काही शतकांनी पाठशाळेत लेखनकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी धडा म्हणून ज्या नकला उतरल्या, त्या ह्या विटा. त्यामुळे हे काव्य खरोखर तिचेच की नंतर कोणी तिच्या नावावर घातले, अशी शंका काही विद्वान घेतात. परंतु शिकाऊ मुलांनी अक्षर घोटण्यासाठी ते पुन्हा पुन्हा लिहिले नसते, तर शंका घेण्यापुरतेही काही उरले नसते.

आता आपल्या देशाकडे येऊ. पाली त्रिपिटकातील खुद्दकनिकायात 'थेरीगाथा' नावाचा ग्रंथ आहे. थेरी म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी. त्यांची ७३ काव्ये ह्यात आहेत. ह्या थेरींमध्ये राजघराण्यातल्या आहेत, गणिका आहेत, आणि अगदी दरिद्री घरातल्याही आहेत. मुत्ता नावाच्या थेरीला उखळ, मुसळ आणि पाठीत पोक आलेला नवरा ह्या तिन्ही वाकड्या गोष्टींपासून सुटल्याचा आनंद झाला आहे. पटाचारा पाय धुता धुता उतारावरून वाहत जाणारे पाणी पाहते, रात्री दिव्याची वात खाली ओढते, आणि तेवढ्यात तिच्या मनाला शांती लाभते. मोक्षाची गोष्ट आहे, पण ती पाय धुण्याच्या पाण्यातून आणि दिव्याच्या वातीतून सांगितलेली आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

ही काव्ये कशी राहिली? प्रथम ती लिहिलेली नव्हतीच. संघाने ती पाठ केली, पिढ्यान् पिढ्या म्हटली, आणि पुष्कळ काळानंतर ती लेखनात आली. पुढे धम्मपाल ह्या टीकाकाराने प्रत्येक थेरीची कथा जोडून दिली. एकटीच्या आठवणीत जे राहिले नसते, ते समुदायाच्या आठवणीत राहिले.

केवळ कीर्तीच्या भरवशावर काय होते, हे पाहावयाचे तर ग्रीस देशाकडे पाहावे. इ. स. पूर्वी सुमारे ६०० मध्ये लेस्बॉस बेटावर साफो ही कवयित्री होऊन गेली. तिची कीर्ती सबंध ग्रीक जगात होती. अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी तिच्या काव्यांचे अनेक भाग संपादित केले होते. एवढे असून आज तिची पूर्ण म्हणावी अशी एकच कविता निर्विवाद हाती आहे. तीही एका साहित्यशास्त्रज्ञाने शैलीचा नमुना म्हणून आपल्या ग्रंथात उतरून घेतली, म्हणून. बाकीचे बरेच तुकडे कोठे मिळाले म्हणाल, तर इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस ह्या प्राचीन गावाच्या उकिरड्यात! ग्रेनफेल आणि हंट ह्या दोघा संशोधकांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात तेथे खणावयास सुरुवात केली, तेव्हा टाकून दिलेल्या पपायरसच्या चिंध्यांवर साफोच्या ओळी निघाल्या. २००४ साली जर्मनीतील कोलोन येथील संग्रहातल्या पपायरसवरून तिची वार्धक्यावरची एक कविता बरीचशी पुरी करता आली. केस पांढरे झाले, गुडघे पेलत नाहीत, असे ती त्यात सांगते.

गंमत अशी की वैशालीच्या अंबपालीचे थेरीगाथेतील काव्यही वार्धक्यावरच आहे. एकेकाळी सौंदर्याबद्दल नावाजलेली ही स्त्री आपले केस, डोळे, दात, हात यांचे आता काय झाले आहे ते एकेक करून सांगते. दोघींची भाषा निराळी, देश निराळा, पण आरशात पाहणारी नजर एकच. फरक एवढाच की अंबपालीचे काव्य संघाने आपल्या हाती अखंड दिले आणि साफोचे उकिरड्यातून वेचून जुळवावे लागले.

आता अगदी आपल्या अंगणातले उदाहरण. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखला जाणारा 'गाथासप्तशती' हा सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतातला. स. आ. जोगळेकर यांनी तो १९५६ साली मराठी वाचकांच्या हाती दिला. शेतावरची सून, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको, चतुर सासू अशी सारी माणसे त्यात आहेत. जुन्या टीकाकारांनी पुष्कळ गाथांपुढे कवींची नावे दिली आहेत आणि त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी स्त्रियांची नावे आहेत. परंतु निरनिराळ्या टीकाकारांच्या याद्या जुळत नाहीत. एकीची गाथा दुसऱ्याच्या नावावर जाते, कित्येक गाथांना नावच राहत नाही. स्त्रीच्या तोंडी घातलेली गाथा स्त्रीनेच रचली असेल असेही नाही. काव्य राहिले, पण कर्तीचे नाव त्यावर नीट बांधलेले नव्हते, म्हणून ते मधल्या वाटेत सुटून पडले.

नावाचा हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो जपानमध्ये. तेथे दहाव्या-अकराव्या शतकात विद्वान पुरुष चिनी भाषेत लिहीत. साधी जपानी अक्षरे ही बायकांची लिपी मानली जाई. त्या बायकांच्या लिपीतच जपानी वाङ्मयातील अत्युत्तम ग्रंथ लिहिले गेले. 'गेंजी'ची ५४ प्रकरणांची कथा जिने लिहिली, तिला जग मुरासाकी शिकिबू म्हणते. पण हे तिचे नाव नव्हे. 'शिकिबू' हा तिच्या वडिलांच्या सरकारी खात्यावरून आलेला शब्द, आणि 'मुरासाकी' हे तिच्याच कथेतील नायिकेचे नाव. भावाला चिनी शिकवीत असताना ती शेजारी बसून ऐके आणि त्याच्याआधी शिके. ही मुलगा झाली असती तर, म्हणून वडील हळहळत. हे तिनेच आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे.

तिच्या आधी एका विवाहितेने नवऱ्याच्या दुर्लक्षाची वीस वर्षांची हकीकत लिहिली. ती आज 'मिचित्सुनाची आई' एवढ्याच नावाने ओळखली जाते. तिच्या बहिणीची मुलगी 'ताकासुएची कन्या' म्हणून ठाऊक आहे. लहानपणी हिला गेंजीची कथा वाचण्याचा ध्यास लागला होता आणि अखेर एका मावशीने ती सगळी प्रकरणे भेट दिली, तेव्हा ती रात्रंदिवस वाचीत बसली. तेथेही पुस्तक एका बाईच्या हातून दुसरीकडे गेले, हे ध्यानात घ्या. आणि आपल्या थेरीगाथेतही 'सुमंगलमाता' आहे, म्हणजे सुमंगलाची आई. हजारो मैलांचे अंतर, पण नाव ठेवण्याची पद्धत तीच. आपल्यापैकी किती जणी आपल्या आळीत अजून 'अमक्याची आई' म्हणूनच ओळखल्या जातात, ते मी सांगावयास नको.

शेवटी युरोपातल्या दोन बायका. फ्रान्सच्या दक्षिणेस धुओदा नावाची एक सरदारपत्नी होती. तिचा पंधरा-सोळा वर्षांचा मोठा मुलगा विल्यम राजाच्या दरबारी पाठवला गेला होता. धाकटा तान्हा असतानाच नवऱ्याने आपल्याकडे नेला, आणि त्याचे नाव काय ठेवले हेही तिला कळले नव्हते. अशा स्थितीत ८४१ ते ८४३ ह्या काळात तिने मोठ्या मुलासाठी लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिले. देवाला कसे भजावे, वडिलांचा मान कसा राखावा, गरिबांशी कसे वागावे, हे सारे त्यात आहे. धाकटा वाचू लागला की त्यालाही हे दाखव, असे ती सांगते. आरंभीच्या कवितेच्या ओळींची पहिली अक्षरे जुळवली की तिचे स्वतःचे नाव निघते. बाळाचे नाव ठाऊक नसलेल्या त्या आईने आपले नाव मात्र कोणाला पुसता येणार नाही असे गुंफून ठेवले.

दुसरी जर्मनीतील गांडरशाइमच्या मठातील ऱ्होत्स्विथा. दहाव्या शतकात तिने लॅटिनमध्ये सहा नाटके लिहिली. टेरेन्सच्या नाटकांत बायका सैल वागणुकीच्या दाखवतात म्हणून तिने त्याच धर्तीवर सत्त्वशील बायकांची नाटके रचली. आरंभी आपण चोरून लिहीत होतो आणि न जमलेले फाडून टाकीत होतो, अशी कबुली तिने दिली आहे. पाचशे वर्षे तिचे नाव जवळजवळ विस्मरणात गेले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कॉनराड सेल्टिस ह्या पंडिताला एका मठाच्या ग्रंथसंग्रहात तिची पोथी सापडली आणि १५०१ साली ती छापून निघाली. मठाने पोथी नुसती ठेवली होती, वाचली नव्हती म्हणा हवे तर. पण ठेवली होती.

भगिनींनो, आता सर्वांचा हिशेब मांडून पाहा. पाठशाळा, भिक्षुणींचा संघ, संग्रह करणारा राजा, पुस्तक देणारी मावशी, मठातले कपाट. प्रत्येक लेखिकेच्या मागे असे कोणीतरी उभे आहे. मराठीतही तेराव्या शतकातील महदंबेचे धवळे आज आपण वाचू शकतो, ते महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या जिवापाड जपल्या म्हणून. आणि ज्यांच्या मागे कोणी नव्हते, त्या किती होत्या हे मोजण्याला साधन नाही.

म्हणून महिला मंडळ ही वस्तू मला लहान वाटत नाही. आपण येथे भजने बसवतो, हळदीकुंकू करतो, पाककृती लिहून घेतो, हस्तलिखित काढतो. वर्ष संपले की त्याचे कागद कोणाच्या माळ्यावर जातात, पुढे रद्दीत जातात. आजपासून तेवढे होऊ देऊ नका. मंडळाच्या कपाटातला एक खण ह्या कागदांसाठी ठेवा. एखाद्या आजींना दोनशे ओव्या येत असतील, तर त्या बसून उतरून घ्या. आणि प्रत्येक कागदाखाली नाव लिहा. 'एक भगिनी' नको, 'अमक्याची आई' नको. माहेरचे, सासरचे, जे तुम्हांला आपले वाटते ते, पण पुरते नाव लिहा, आणि खाली तारीख घाला.

प्रत्येकीला साफोसारखे लिहिता येणार नाही. पण कोणाचे तरी लिहिलेले उकिरड्यावर जाणार नाही, एवढे प्रत्येकीला करता येण्यासारखे आहे.