बोरीबंदरचा दरवाजा कोणता?



१९७८ सालच्या जून महिन्यात मी वडिलांबरोबर पहिल्यांदा मुंबईला आलो. मनमाडहून, पंचवटीनं. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यावर सुतळीनं बांधलेली वळकटी, आणि वडिलांचा दर पाच मिनिटांनी एकच हुकूम, "कडी सोडू नको." बोरीबंदरला, म्हणजे व्हीटीला, उतरलो आणि गर्दीनं जिकडे नेलं तिकडे गेलो. बाहेर टॅक्सीवाले ओरडत होते आणि समोर एक भलामोठा घुमट दिसत होता. रात्री आत्याकडे जेवताना मी ऐटीत सांगितलं, "व्हीटी पाहिली. काय घुमट आहे!" आत्याच्या हातातली पोळी तव्यावर राहिली. "अरे वेड्या, ते जनरल पोस्ट. विजापूरच्या गोल घुमटावरनं बांधलेलं. व्हीटी तुझ्या पाठीमागे होती."

खरी व्हीटी मी पाहिली ती तिसऱ्या दिवशी, महापालिकेच्या फुटपाथवरून. जिथं उतरलो ते हेच स्टेशन, हे पटायला थोडा वेळ लागला.

पुढं तीस वर्षं डोंबिवली ते फोर्ट अशी लोकलनं ये-जा केली, तेव्हा कळलं की चूक माझी एकट्याची नव्हती. ही इमारत पश्चिमेला तोंड करून उभी आहे आणि स्टेशन मात्र पूर्वेला वाढत गेलं. पहिला फलाट त्या देखण्या दगडी अंगाला चिकटून, अठरावा पार पी. डिमेलो रोडच्या, म्हणजे गोदीच्या बाजूला. लांबच्या गाड्यांचा हॉल १९२९ च्या सुमाराला बांधला, तोही पूर्वेकडेच. या इमारतीच्या घुमटाखालून जो राजेशाही जिना वर जातो, तो रेल्वेच्या कचेऱ्यांकडे. प्रवाशानं त्या बाजूनं यावं अशी सोय आज तिथं नाही. मुंबईच्या प्रत्येक पोस्टकार्डावर जो दरवाजा छापलाय, त्यातून गाडीला कुणी जात नाही.

आता याच स्टेशनचा पुनर्विकास चाललाय. केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२२ मध्ये नवी दिल्ली, अहमदाबाद आणि आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशा तीन स्थानकांना मिळून सुमारे १०,००० कोटी रुपयांची मंजुरी दिली. डिमेलो रोडकडून नवी प्रवेशद्वारं, फलाटांच्या वर डेक, येणाऱ्या आणि जाणाऱ्या माणसांचे रस्ते वेगळे, असा बेत आहे. चित्रं तुम्ही पाहिली असतील. चित्रांतली माणसं मला नेहमी संशयास्पद वाटतात. एकाच्याही डोक्यावर गोणी नसते.

पण या बेतातली मूळ गोष्ट बरोबर आहे आणि ती का बरोबर आहे, ते जरा उलगडून सांगतो.

बोरीबंदर हे टर्मिनस. इथं रूळ संपतो, पुढं बफर आणि त्याच्यापुढं हॉल. दादरला उतरलेला माणूस पुलावर चढतो, मागून पुढून, मिळेल तिथून सटकतो. इथं तसं नाही. बारा डब्यांच्या लोकलमधनं सकाळी चार-साडेचार हजार माणसं उतरतात आणि ती सगळी एकाच टोकाकडे चालायला लागतात. शेवटच्या डब्यातला माणूस सव्वा फर्लांग चालून येतो तोवर शेजारच्या फलाटावर दुसरी गाडी लागलेली असते. म्हणून डोंबिवलीचा मुरलेला प्रवासी कुठल्या डब्यात हवा येते ते बघत नाही, मोटरमनच्या पाठीमागचा डबा धरतो. मशीद गेलं की दारात रांग. संध्याकाळी याच्या उलट. उतरणारे अजून दारात असतात तोच जागा पकडणारे आत उडी घेतात. एक ते सात एवढे सात फलाट लोकलचे, त्यातले पहिले दोन हार्बरचे, आणि या सातांचं तोंड एकच. वरून किंवा बगलेतून आणखी वाटा काढल्या तर हे तोंड मोकळं होईल. तेव्हा नवी दारं मिरवायची नाहीत, श्वासासाठी लागतात.

मात्र इमारतीच्या अंगाला हात लावताना जपायला हवं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं १८७८ मध्ये काम सुरू केलं, दहा वर्षं लागली. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीचा सुवर्णमहोत्सव होता, म्हणून स्टेशनला तिचं नाव, व्हिक्टोरिया टर्मिनस. जिथून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी सुटली, ते बोरीबंदर याच परिसरातलं. कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. जवळ जाऊन बघा कधी. खांबांच्या माथ्यावर पानाआडून माकड डोकावतं, कुठं मोर, कुठं मुंगूस. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह विलायतेचा, वाघ आपला. दर्शनी भिंतीत रेल्वे कंपनीच्या कर्त्या पुरुषांचे मुखवटे कोरलेत, त्यात जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटही आहेत. नानांच्या पागोट्यावर कबुतरं बसतात, त्याला इलाज नाही.

२००४ मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आजूबाजूला काय बांधायचं, किती उंच बांधायचं, यावर तेव्हापासून बारीक नजर असते, आणि असावी. डेक घुमटाच्या पाठीमागं डोकं काढू लागला तर समोरचं सगळं चित्र बिघडेल.

पुनर्विकासाच्या पहिल्या चर्चांत एक शब्दप्रयोग आला होता, स्टेशनाला १९३० च्या सुमाराचं रूप परत द्यायचं. म्हणजे नंतर चिकटवलेले पत्रे, खोल्या, टपऱ्या काढायच्या. ते उत्तमच. पण वारशाला सालाचा शिक्का मारायला गेलं की पंचाईत होते. १९३० मध्ये घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी व्हिक्टोरियाचा पुतळा उभा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला. कोनाडा अजून रिकामा आहे. ती बाई काही परत यायची नाही, आणि कोनाडा रिकामा आहे तेच मला आवडतं. इमारतीचं वय त्यातही दिसतं.

या इमारतीला लंडनच्या सेंट पँक्रसची बहीण म्हणतात. तिथं काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. त्या स्टेशनाखाली तळघर होतं, बर्टन गावाहून येणारी बियरची पिंपं ठेवायला. खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापानं ठरवलेलं! १९६० च्या दशकात ते स्टेशन पाडायला निघाले होते, कवी जॉन बेटजमन आणि इतरांनी गहजब केला म्हणून वाचलं. २००७ मध्ये युरोस्टारसाठी ते नव्यानं उघडलं, तेव्हा फलाटाची जमीन कापून उजेड खाली सोडला आणि प्रवाशांना त्या पिंपांच्या तळघरातून आत घेतलं. दर्शनी अंगावर ओरखडा नाही. माणसं आली ती खालून आणि बाजूनं. आपल्याकडे तळघर नाही, पण आता भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली. तिच्या जिन्यातून वर आलेला माणूस आणि लोकलमधनं उतरलेला माणूस, यांची गाठ ऊन-पाऊस न लागता पडली पाहिजे. पुनर्विकासात मला एकच काम करायला सांगितलं असतं, तर मी हे केलं असतं.

दरवाजा म्हणजे भिंतीतलं भोक नव्हे. दरवाजा रस्त्यापर्यंत असतो. १४ मार्च २०१९ ची संध्याकाळ आठवा. स्टेशनला लागून असलेल्या हिमालय पुलाचा भाग कोसळला, सात जणांचा जीव गेला. त्यांत जी. टी. हॉस्पिटलला रात्रपाळीवर निघालेल्या परिचारिका होत्या. नवा पूल व्हायला २०२३ उजाडलं. मधली चार वर्षं बायामाणसं गाड्यांच्या मधून हात वर करत रस्ता ओलांडत होती. स्टेशनच्या नकाशावर तो पूल कडेला होता. त्या परिचारिकांसाठी तोच स्टेशनचा दरवाजा होता.

आणखी एक ओढाताण आहे, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात याच स्टेशनात पन्नासच्या वर माणसं मेली. तेव्हापासून सुरक्षेची माणसं म्हणतात, दारं कमी ठेवा, लक्ष ठेवता येतं. गर्दीचा हिशेब मांडणारे म्हणतात, दारं वाढवा, चेंगराचेंगरी टळते. दोघंही खरं बोलतात. सध्याची तडजोड आपण रोज बघतो. धातुशोधकाच्या चौकटीतून लोंढा जातो, चौकट एकसारखी केकाटते, आणि शेजारी बसलेला शिपाई तिच्याकडे, बायको बोलत असताना बघावं, तसा बघतो. नवी दारं उघडताना प्रत्येक दारावर माणूस किती, हेही त्याच कागदावर लिहावं लागेल.

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीला उतरवून घ्यायला पहाटे गेलो होतो, डिमेलो रोडच्या बाजूला. अठराव्या फलाटाजवळ एक जुने हमाल बसले होते, जुन्नरकडचे. लाल डगला, दंडावर पितळी बिल्ला. चाकांच्या बॅगा आल्यापासून धंदा निम्म्यावर आलाय म्हणाले. मी त्यांना डेकचं, सरकत्या जिन्यांचं, नव्या दारांचं सगळं वर्णन करून सांगितलं. अगदी भाषणच दिलं म्हणा ना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखूची डबी बंद केली.

"दारं करू द्यात की किती बी," ते म्हणाले. "टॅक्सी कुठं थांबणार? तेवढं इचारून ठिवा."

मला उत्तर देता येईना. तेवढ्यात सिद्धेश्वरचे दिवे दिसले. ते उठले, डोक्यावरची चुंबळ नीट केली, आणि एसीच्या डब्यांना ओलांडून मागच्या स्लीपरच्या दिशेनं चालायला लागले.